पाच काढून लिहायचं

एकोणीसशे सत्तर सालचा हिवाळा. जानेवारीची नऊ तारीख, सकाळची पहिली पाळी. त्या दिवशी मला रंग कारखान्याच्या बॉयलरवर चढवलं.

मी गेज बोलतोय. वाफेचा दाब दाखवणारा. पितळी, बशीएवढा, पाठीवर नंबर चारशे सतरा. माझं शिक्षण फार नाही. शून्य ते दोनशे, एवढेच आकडे मला येतात. पण जे येतं ते पक्कं येतं. हे मी कुणाच्या भल्यासाठी सांगत नाही. एका माणसावर मी पन्नास वर्षं डूख धरून होतो, त्याची ही हकीकत आहे.

बॉयलरवर एक आगवाला होता. कोळसा टाकायचा, आग सांभाळायची आणि दर तासाला माझ्याकडे बघून नोंदवहीत आकडा लिहायचा, हे त्याचं काम. तोही माझ्यासारखाच. अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. आमचं जमलं.

तिसऱ्याच महिन्यात वरून एक पाना निसटला आणि माझ्या तोंडावर आदळला. काच बदलली, पण काटा आपल्या जागेवरून पाच घरं पुढे सरकला तो सरकलाच. बॉयलर थंडगार असला तरी मी पाच दाखवायचो. मला लाज वाटली. वाटलं, आता भंगारात जाणार.

फिटरनं मला ठोकून बघितलं. म्हणाला, "नवीन मागवायचा तर सहा महिने लागतील. याचं सरळ आहे. पाच जास्त बोलतो. कायम पाचच. पाच काढून लिहीत जा."

बॉयलरवर पंच्याण्णवच्या वर दाब न्यायचा नाही, असा नियम होता. म्हणून त्यानं माझ्या काचेवर शंभरावर लाल रेघ ओढली. मी शंभर दाखवायचो, आगवाला पंच्याण्णव लिहायचा. सोमवारी सकाळी बॉयलर थंड असायचा, तेव्हा मी पाच दाखवायचो, तो शून्य लिहायचा. गोल, गरगरीत शून्य. चार वर्षं एकदाही चुकला नाही.

ही गोष्ट कागदावर कुणी लिहून ठेवली नाही. गरज काय? सगळ्या खात्याला पाठ होती. इतकी, की कुणी फुशारकी मारायला लागला की रंगारी ओरडायचे, "ए, पाच काढ त्यातले!" माझ्यावरून चेष्टा चालायची. मला राग नव्हता. माझी खोट सांभाळून घेणारी माणसं होती ती.

मॅनेजरला मात्र हे माहीत नव्हतं. तो बॉयलरच्या खोलीत यायचाच नाही. गरम होतं म्हणे.

आला तो एकदाच. चौऱ्याहत्तरचा मार्च. मोठी मागणी आली होती, वाफ पुरत नव्हती. बॉयलरच्या माथ्यावर एक झडप असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती आपोआप उघडते आणि वाफ सोडून देते. तिच्या दांडीला एक वजन टांगलेलं असतं. मॅनेजरनं तिथं दुसरं वजन टांगायला लावलं.

आगवाला म्हणाला, "साहेब, ती उघडते म्हणून आपण जिवंत आहोत."

"तुला विचारलं का मी?"

"नाही विचारलंत. म्हणून सांगतोय."

"दीडशेपर्यंत ने. मी बघून घेईन."

मॅनेजर गेला. दुपारी मी एकशे तीस ओलांडलं. आगवाल्यानं कोळसेवाल्या दोघांना हाताला धरून बाहेर काढलं, नोंदवही त्यांच्या हातात कोंबली आणि भट्टीतली आग बाहेर ओढायला स्वतः आत राहिला. त्याला वजन काढायला वर चढता आलं नाही. मी दीडशेवर होतो. त्यापुढचं मला आठवत नाही. काटा तिथंच रुतला.

मी सापडलो अंगणात. आगवाला जिथं होता तिथं काही उरलं नव्हतं. त्याची मुलगी सहा वर्षांची होती.

चौकशीच्या अधिकाऱ्यानं नोंदवही मागितली. मॅनेजर म्हणाला, दोन दिवसांत देतो. वाचलेल्या दोघा कोळसेवाल्यांना त्यानं पैसे देऊन गावी धाडलं होतं. त्या दोन दिवसांत मी त्याच्याच टेबलावर होतो. कागद उडू नयेत म्हणून त्यानं मला कागदांवर ठेवलं होतं. त्यानं वहीतलं त्या दिवसाचं पान काढून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं. सकाळचा दाब किती लिहायचा ते त्याला कळेना. मागची पानं उलटायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत, माझ्याकडे बघितलं. लाल रेघ शंभरावर. त्यानं शंभर लिहिलं. मग एकशे दहा, एकशे तीस. मग माझा रुतलेला काटा बघितला आणि लिहिलं, दीडशे.

म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, आगवाला दाब वाढताना बघत होता, लिहीत होता आणि काही न करता बसून होता. माझ्या तोंडाकडे बघून मॅनेजरनं हे लिहिलं. माझ्या! तेव्हाच मी मनाशी ठरवलं, हा माणूस मेला तरी त्याला सोडायचा नाही.

तो सुखानं म्हातारा झाला आणि सुखानं मेला. त्याआधी कारखान्याच्या शाळेत पितळी पाटी लावून गेला. पाटीवर, खाली एक्याऐंशी साल घालून, लिहिलं होतं: "आगवाल्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या स्फोटात व्यवस्थापकांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून दोन कामगारांचे प्राण वाचवले." पाटीसमोर काचेचं कपाट. कपाटात मी, नोंदवही आणि बॉयलरच्या अंगावरची नावपट्टी. पुरावा म्हणून मला तिथं मांडलं. चाळीस-बेचाळीस वर्षं ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती.

आणि ती पाटी पुसायला कोण? आगवाल्याची मुलगी. शाळेत शिपाई म्हणून लागली. मुलं तिला मावशी म्हणायची. रोज सकाळी ती फडकं घेऊन यायची आणि बापाच्या बदनामीला चकाकी आणायची. दात आवळून पुसायची. मीही आतून दातओठ खायचो.

गेल्या हिवाळ्यात सातवीला इतिहासाच्या नवीन बाई आल्या. त्यांनी वर्ग पाटीसमोर उभा केला आणि विचारलं, "हे खरं कशावरून?"

एक बडबड्या मुलगा म्हणाला, "पितळेवर कोरलंय, बाई."

"पितळेवर खोटं कोरता येत नाही?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "कुणी लिहिलं, कधी लिहिलं, लिहिणारा तिथं होता का, आणि हे लिहून त्याचा काय फायदा? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय माझ्या तासाला कुणी कशावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्यावरसुद्धा."

मला बाई आवडल्या. माझ्यापेक्षा कडक.

कपाट उघडलं. चाळीस-बेचाळीस वर्षांनी मला माणसाचा हात लागला. एक चष्मेवाली मुलगी नोंदवही घेऊन बसली. आठवडाभर मधल्या सुट्टीत ती पानंच उलटत होती. मग एक दिवस म्हणाली, "बाई, चार वर्षं रोज पंच्याण्णव आहे. शेवटच्या दिवशी सकाळी एकदम शंभर. का?"

"झोपेत लिहिलं असेल," बडबड्या म्हणाला. "आणि मी असतो ना, तर एका हातानं आग विझवली असती! आमच्या गावच्या घरी मी एकदा केवढी..."

मावशी तिथंच झाडत होती. न थांबता म्हणाली, "पाच काढ त्यातले."

चष्मेवालीनं मान वर केली. "मावशी, असं का म्हणता तुम्ही नेहमी? पाचच का?"

"माझे वडील म्हणायचे. कारखान्यात सगळेच म्हणायचे. तिथलं घड्याळ पाच जास्त दाखवायचं, ते काढून लिहायचे."

"कुठलं घड्याळ?"

मावशीनं झाडूच्या दांड्यानं माझ्याकडे दाखवलं.

मला ओरडावंसं वाटलं. पण बडबड्यानं तेवढ्यात माझी अब्रू काढली. "म्हणजे हे बिघडलेलंच होतं? मग याची साक्ष काय कामाची?"

बाई म्हणाल्या, "बिघाड कायम तेवढाच असेल, तर तो वजा करता येतो. कोण किती वाढवून बोलतो ते कळलं, की त्याच्याकडूनही खरं काढता येतं. पण मावशी, रागावू नका, तुम्ही त्यांची मुलगी. एका आठवणीवर मी हे मान्य करणार नाही."

"करू नका," मावशी म्हणाली. "शोधा."

मुलांनी शोधलं. नावपट्टीवर ठोकलेलं होतं, कामाचा दाब पंच्याण्णव. माझ्या काचेवर लाल रेघ शंभरावर. वहीत पंच्याण्णव. तिन्ही गोष्टी पाच काढल्या तरच जुळत होत्या. आणि शेवटच्या पानावर कुणीच पाच काढले नव्हते. दीडशेची नोंदही माझ्या रुतलेल्या काट्याशी हुबेहूब जुळत होती. शिवाय त्या पानावरच्या प्रत्येक शून्याला वर शेपूट होतं. सोमवारची दोनशे शून्यं गोल, गरगरीत.

चष्मेवालीनं फळ्यावर लिहिलं: "शेवटचे पान आगवाल्याने लिहिलेले नाही." बाईंनी खाली एक शब्द वाढवला, "बहुधा." मी भडकलो. बहुधा काय? मी टेबलावर होतो!

बातमी शाळेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष म्हणजे मॅनेजरचा मुलगा, आता सत्तरीचा. तो तावातावानं आला. "पोरांनो, हे कोर्ट नाही!"

"बाई पण हेच म्हणाल्या," चष्मेवाली म्हणाली. "म्हणून आम्ही कुणाला शिक्षा केलेली नाही. तुमच्या वडिलांच्या हाताचं काही असेल तर आम्हाला बघायचंय."

"आहे ना! रोजची डायरी लिहायचे ते. उद्याच आणतो. मग कळेल तुम्हाला कसा माणूस होता."

आणली. स्वतःच्या हातानं आणली. बापाला सोडवायला आला आणि बापाचा हात माझ्यासमोर ठेवून बसला. चष्मेवालीनं डायरी आणि वही शेजारीशेजारी उघडली. तारखांत शून्य, खर्चात शून्य, पानापानावर शून्य. प्रत्येकाला वर शेपूट.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेपूट होतं तिथंच होतं.

बडबड्यानं मार्चची पानं काढली. स्फोटाच्या दिवसाचं पान फाडलेलं होतं. "बाई! म्हणजे यांनीच काहीतरी केलं होतं!"

"पान फाडलंय," बाई म्हणाल्या. "एवढंच आपल्याला माहीत आहे. कुणी फाडलं, का फाडलं, ते माहीत नाही."

झडपेवरचं वजन मी बघितलं होतं. मॅनेजरचा तो आवाज मी ऐकला होता. पण मला तोंड नाही आणि बाईंना पुराव्याशिवाय ऐकू येत नाही. मला मॅनेजर पूर्ण हवा होता. अर्धा मिळाला.

बाईंनी मावशीला विचारलं, "एवढंच सिद्ध होतंय. चालेल?"

"माझ्या बापानं ते पान लिहिलं नाही. लिहा तेवढं." मग ती अध्यक्षांकडे वळली. "आणि उद्यापासून ती पाटी मी पुसणार नाही."

अध्यक्षांनी पाटीच्या एका स्क्रूवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "काढा ती. स्क्रू-ड्रायव्हर आहे का कुणाकडे?"

"आहे," मावशी म्हणाली. फडक्यांच्या डब्यातून तिनं तो काढला. "तीस वर्षं आहे."

चार स्क्रू होते. तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

पाटी आता कपाटात माझ्या शेजारी आहे. खाली मुलांच्या अक्षरातली चिठ्ठी: "ही पाटी स्फोटानंतर सात वर्षांनी मॅनेजरने लावली. तिचा आधार असलेले पान आगवाल्याचे नाही. ते मॅनेजरच्या हातचे आहे."

'बहुधा' बाईंनी स्वतः खोडलं. पितळ काळं पडायला लागलंय. ते पुसायला कुणी येत नाही.

फिटलं.