वर पिवळी, खाली हिरवी

मित्रांनो, मी एक जुनी राहती गाडी आहे, आणि या तोहुआ खाडीला रूप दिलं ते मी एकटीने! कुणाला खरं वाटणार नाही. नाही वाटलं तर राहिलं.

आधी मी पाव वाहायचे. मग पेटेराने मला घेतलं, आत पलंग ठोकला, चूल बसवली. मुलं त्याला कोरो, म्हणजे आजोबा म्हणतात. पण मित्रांनो, त्याच्याइतका देखणा पुरुष न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांवर झाला नाही! होडीचा उरलेला पिवळा रंग त्याने मला दिला. तो खिडकीपाशी संपला, म्हणून खाली कुंपणाचा हिरवा. चूक नव्हे बरं का, कला!

तेव्हा इथे होड्यांचा धक्का होता, बाकी वाळू. मला उभी बघून वाटेवरच्या राहत्या गाड्या थांबू लागल्या. त्यांच्यासाठी नळ आला, मग संडास, मग कॉफीची खिडकी. लोक माझ्यापाशी फोटो काढत, म्हणून बेकरीवाल्या मॅव्हिसने दुकान वर पिवळं, खाली हिरवं केलं. मग बसथांबा रंगला, शेवटी संडाससुद्धा! पाहुणे विचारत, "असे रंग का?" मॅव्हिस ठोकून देई, "आमची जुनी परंपरा!"

संध्याकाळी गाड्यागाड्यांत बांधलेल्या दोऱ्यांवर टॉवेल फडफडत. एकाने मासा तळला की सगळे ताटल्या घेऊन हजर. एकदा तर मला बघायला देवमासा काठाशी आला आणि लाजून परत गेला.

आता नवं हॉटेल झालंय. त्याच्या दारात फोटोसाठी प्लास्टिकची गाडी ठेवलीये, वर पिवळी, खाली हिरवी. तिच्यावर गंजसुद्धा रंगवलाय! माझा खरा गंज मात्र पाहुण्यांच्या डोळ्यांत खुपतो म्हणे. हॉटेलवाले उद्या मला भंगारात नेणार आहेत.

म्हणून मित्रांनो, घरी सांगा, जुन्या गाडीला टाकू नका. तिला थोडं तेल द्या, थोडा रंग द्या, आणि तिच्या मालकाला मॅव्हिसकडचं एक गरम खिमा पॅटिस... खॉक्! खॉक्!

"कोरो!" माझ्या पायरीवर बाकीच्या मुलांबरोबर बसलेली मेरेआना ओरडली. "गाडीला कधी खोकला येतो का? पलंगाखाली लपून तुम्हीच बोलताय!"

माझ्या पलंगाखालून बाहेर आलेला एक पाय हळूच आत गेला.

"बरं, बाहेर नका येऊ," ती आत वाकून म्हणाली. "नुसते सरका. उद्या आम्ही सगळी मुलं तिथेच तुमच्याशेजारी बसणार. बघू गाडी कोण नेतं!"