पाहुणी

गावातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप शिंप्याच्या वहीत होतं. सहाशे माणसांच्या त्या गावात कोण सुटलं, कोण वाळलं, हे त्याला घरच्यांआधी कळायचं. त्यामुळे शाळेच्या बाई सरकारी आरोग्य योजनेच्या शिरगणतीचे कागद घेऊन दुकानात आल्या तेव्हा तो हसून म्हणाला, "कशाला पायपीट करता, बाई? माझी वहीच उतरवून घ्या."

"त्या वहीत मेलेलेही आहेत," बाकावर ताटकळलेला गिरणीवाला म्हणाला. "आणि जिवंत माणसाला हा पँट देत नाही."

बाईंनी पेन उघडलं. "घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि बायको."

मागच्या मशीनचा आवाज थांबला. तिथे त्याची लेक बसली होती. चार वर्षांपूर्वी ती एक पिशवी घेऊन सासरहून आली, तेव्हा शिंप्याने सांगितलं होतं, जावई बाहेरगावी गेलेत, चार दिवस राहील. गावाला सगळं कळत होतं, पण त्याच्या शब्दावर गावाने पांघरूण घातलं होतं.

"आणि ताई?"

"ती पाहुणी. लग्न झालेली पोर सासरी मोजायची, बाई. तुम्हाला का मी सांगायचं?"

"सहा महिने जिथे राहिली तिथे लिहायची, असा नियम आहे. तिच्या सासरच्या गावची मोजणी माझ्या ओळखीच्या बाईंकडे होती. सासूने सांगितलं, अशी कुणी आमच्यात नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "दादा, आज शेवटचा दिवस. दोन्हीकडे नाव नसेल तर डोळ्याच्या ऑपरेशनच्या यादीत ती येणार कशी? दोनदा परत पाठवलं तिला दवाखान्यातून."

शिंप्याला एकदाचंच ठाऊक होतं. गेल्या महिन्यात तिने एका सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, तेव्हा तो सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला होता.

गिरणीवाला उठला. "मी येतो नंतर."

"बस," शिंपी म्हणाला. "ऐकून जा." मग बाईंकडे न बघता म्हणाला, "तीन लिहा."

बाईंनी नातं लिहिलं. त्याने सांगितलं तेवढं वय लिहिलं. "नवरा?"

"आहे. बाहेरगावी कामाला..."

"बाबा." लेक कापडाचे धागे झटकत पुढे आली. "तो कुठेही गेलेला नाही. घरीच असतो. मी निघून आले, बाई. परत जायची नाही."

बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं, कारण सही घरच्या कर्त्याची लागते. चार वर्षं शिंप्याने ते एक वाक्य इस्त्री करून ठेवलं होतं. आता ते गिरणीवाल्यासमोर चुरगळून पडलं होतं, आणि गिरणीवर तर अख्खं गाव येतं.

"ती सांगते तसं लिहा," तो म्हणाला. त्याने सही केली. ती ओळीबाहेर गेली.

लेकीने कागद मागून घेतला, डाव्या डोळ्याजवळ धरला आणि आपली ओळ बोट ठेवून सावकाश वाचली.

"वय चुकलंय," ती म्हणाली. "तीस नाही. तीसची मी आले तेव्हा होते."

बाईंनी आकडा खोडून चौतीस लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही करायला कागद पुन्हा शिंप्यापुढे सरकवला.