चुलीचं वाक्य

दिल्लीचे साहेब येणार म्हणून एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्या सकाळपासून मंद ठेवल्या होत्या. सरकारचं हवामानाचं नवं धोरण ठरत होतं. त्यात कोळशाच्या भट्ट्यांवर बंधनं येणार होती आणि ती येऊ नयेत म्हणून मिलवाल्यांच्या संघटनेनं हॉलमध्ये बैठक ठेवली होती. कामगारांतर्फे बोलायला कडूबाला निवडलं. उमर भट्टीपुढं गेलेली, त्यात चेहरा उतरलेला.

"एकच वाक्य आहे," संघटनेचे सचिव नवलकिशोर शेठ म्हणाले. "भट्टी विझली तर माझी चूल विझेल. बस. जादा काही नको."

कडूबा वाक्य घोळवत राहिला. खुर्चीत त्याला बसवेना. बायको, तुळजाबाई, दिवाळीच्या आधी गेली. तेराव्यापर्यंत भावकीनं डबा दिला, मग तो गेटवरच्या खानावळीत जेवू लागला. तुळजाबाईनं शेवटची सारवलेली चूल तशीच थंड होती. मग विझेल कसं म्हणायचं?

"शेठ, वाक्य बदलून द्या. हे माझं न्हाई."

"अरे, मंगलाष्टकं भटजीचीच असतात. लग्न तर आपलं होतं ना?"

नाव पुकारलं. कडूबा उभा राहिला आणि तोंडातून निघालं, "माझी चूल विझलीय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला.

नवलकिशोर लगेच उठले. "ऐकलंत? नुसत्या बातमीनं गरिबाघरी ही हालत. बंधनं आल्यावर काय होईल?"

साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं.

तुळजाबाईचं मरण शेठनं कामाला लावलं होतं. बैठक उठताच तो साहेबांच्या गाडीपाशी धावला.

"साहेब, चूल बायको गेली म्हणून विझली. भट्टी चालूच हाये. बायको खोकत व्हती तवाबी चालूच व्हती."

साहेबांनी निरोप द्यायला आलेल्या शेठकडं पाहिलं.

"दुःखात आहे बिचारा," नवलकिशोर म्हणाले.

काच वर गेली.

कडूबा खानावळीपाशी थांबलाच नाही. घरी येऊन त्यानं काटक्या मोडल्या, चूल पेटवली. भाकरी थापताना तीनदा तुटली. तशीच तव्यावर टाकली.

शेजारच्या गोजरबाई दारात आल्या. "कडूबा भाऊ, धूर कशाचा?"

"चूल पेटवलीय. कुणी विचारायला आलं तर सांगा, पेटलेली हाये."