कशावरून तुम्हीच?

शाळेत पोरं माझ्या माघारी मला 'कशावरूनबाई' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. कुणी उत्तर दिलं, मग ते बरोबर असो की चूक, मी विचारायचे, "कशावरून?" वारणानगरची नोकरी संपली, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट घेतला, तरी सवय काही सुटली नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की जैन बस्तीत दर्शनाला गेले तरी मी भगवंताला "कशावरून?" विचारूनच पायऱ्या उतरत असणार.

तर संशय हा माझा स्वभाव आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी म्हणायला नको.

उदयसिंह डॉक्टरांवर मात्र मी कधीही संशय घेतला नव्हता. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे त्यांचा दवाखाना. वारणानगरहून यायचो तेव्हापासून ह्यांचं ब्लडप्रेशर, माझे गुडघे, आमच्या वृषभचे लहानपणचे ताप, सगळं त्यांच्याच हातून गेलं. माणूस तोंडाचा फटकळ. हे दारातून आत पाऊल टाकतात तोच आतून आरोळी यायची, "काय ओ तात्या, परत शेंगाची चटणी हाणलीसा व्हय?" बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट हसायचे. हे ओशाळायचे आणि खरं काय ते कबूल करून टाकायचे. मला वाटतं, निम्मा इलाज त्या आरोळीतच व्हायचा.

आणि डॉक्टरांना आमचं घर माहीत होतं. आम्ही जैन, दिवस मावळला की अन्नाला शिवत नाही. म्हणून त्यांच्या तोंडी 'रात्रीची गोळी' असा शब्द आमच्यापुरता कधी आलाच नाही. ते म्हणायचे, "ही दिवस मावळायच्या आतली." इतकी वर्षं आम्ही तिला त्याच नावानं ओळखतो.

मग दवाखान्याचं रूप पालटलं. काचेचं दार आलं, गारेगार हवा आली, आणि ॲप आलं. फोन लावला की एक गोड आवाजाची बाई सांगायची, आपला प्रश्न ॲपवर विचारा, डॉक्टर स्वतः उत्तर देतील. वृषभनं बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर शिकवून शिकवून माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं. पहिलंच उत्तर आलं ते असं: 'नमस्कार श्री. तात्यासो मगदूम. आपल्या प्रकृतीची काळजी हेच आमचे कर्तव्य. कृपया रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी घ्यावी. डॉ. उदयसिंह.'

माझ्या मनात पाल चुकचुकली. रात्रीचं जेवण? आमच्या घरात? आणि 'कृपया'! ज्या माणसानं उभ्या जन्मात आम्हाला शिव्या तेवढ्या घातल्या नाहीत, बाकी सगळं सुनावलं, तो 'कृपया' म्हणेल?

मी वृषभला विचारलं. तो म्हणाला, "आई, डॉक्टर बिझी असतात. आणि लिहिताना माणूस जरा सभ्य होतोच की."

"कशावरून?" मी म्हटलं. त्यानं कॉल कट केला.

मग मी एक सापळा लावला. मुद्दाम विचारलं, ह्यांना शेंगाची चटणी चालेल का? खरे डॉक्टर फोनमधून बाहेर आले असते अंगावर. उत्तर आलं की शेंगदाण्यात प्रथिने असतात, प्रमाणात सेवन करावे, मीठ मर्यादित असावे. मी तो मेसेज ह्यांना वाचून दाखवला आणि चूक केली, कारण ह्यांनी लगेच बरणी मागितली.

"हे डॉक्टर न्हवंतच," मी म्हटलं. "त्यांच्या नावावर दुसरंच कोण तरी बसलंय."

"तुला सगळीकडं चोरच दिसतोय," हे म्हणाले आणि भाकरीवर चटणी घेतली.

मे महिन्यातली सकाळ होती. हे गॅलरीत पेपर वाचत चहा पीत होते. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले, तर ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळत होता आणि ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तोंडाची ती बाजू खाली उतरली होती. "काय झालं?" म्हटल्यावर बोलले, पण जिभेखाली गोटी धरल्यासारखे. "कायबी न्हाय. कप निसटला."

मी दवाखान्याला फोन लावला. गोड बाई म्हणाली, आपला प्रश्न ॲपवर विचारा. टाइप करायला बोटं कुठली चालतात, मी माइकचं चित्र दाबलं आणि बोलले, "डॉक्टर, ह्येंच्या तोंडावरनं वारं गेल्यागत झालंय, काय करू?"

वर्गात मी कितीदा 'पक्षाघात' हा शब्द फळ्यावर लिहिला असेल. पण जीव घाबरला की तोंडात आईचाच शब्द येतो. आमच्याकडे लकवा मारला असं फार कुणी म्हणत नाही. अंगावरून वारं गेलं म्हणतात. ऐकणारा तेवढ्यावर उठून पळतो.

उत्तर लगेच आलं. 'नमस्कार. चेहऱ्यावर थंड वारा लागल्यास घाबरण्याचे कारण नाही. कान व चेहरा मफलरने झाकावा. पंख्याखाली झोपणे टाळावे. दोन दिवसांत आराम न पडल्यास कृपया पुन्हा संपर्क करावा. डॉ. उदयसिंह.'

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, उजव्या हाताने, आणि वाचला. वाचून त्यांना हायसं वाटलं. "बघ," त्या जड जिभेनं म्हणाले, "वारं लागलंय नुसतं. मफलर दे."

मे महिन्यात मफलर! मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. दोन दिवस थांबायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. माझी आत्या अशीच थांबली होती आणि मग तिला शेवटपर्यंत घास भरवावा लागला. मी फोनला मोठ्यानं विचारलं, "कशावरून?" आणि ह्यांच्या काखेत हात घालून त्यांना जिन्यानं खाली आणलं, रिक्षात घातलं.

दवाखान्यात काउंटरवर राजनंदिनी नावाची मुलगी असते. चांगली आहे पोरगी, पण तिनं आधी स्क्रीनमध्ये बघितलं आणि मग आमच्याकडे. "काकू, तुमाला रिप्लाय गेलाय की. सरांनी दिलाय. अपॉइंटमेंट न्हाय आज तुमची."

"सरांनीच दिलाय? कशावरनं?"

"तसंच असतंय ते, काकू."

माझा तोल गेला. जन्मभर वर्गाला ऐकू जाईल असं बोललेली बाई मी, काचेच्या दाराला काय भिते? "माझ्या माणसाच्या तोंडावरनं वारं गेलंय," मी ओरडले, "आनि तुमी मफलर बांधा म्हनतासा?"

आतलं दार धाडकन उघडलं. डॉक्टर उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ना नमस्कार केला ना कृपया म्हटलं. एकच शब्द विचारला.

"कवा?"

त्या एका शब्दानं मला रडू फुटलं. हा माझा डॉक्टर. "आत्ता. सकाळच्या च्याला."

त्यांनी ह्यांना हसायला लावलं, दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा हात खाली आला. आत बसलेल्या पेशंटला तसंच सोडून त्यांनी आम्हाला स्वतःच्या गाडीत घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलला नेलं. वाटेत त्यांनी फोनवर जे काय सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. पोचल्या पोचल्या ह्यांना आत घेतलं, डोक्याचा फोटो काढला, इंजेक्शन दिलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

मग बाहेर बाकावर मी आणि उदयसिंह डॉक्टर. मला आता धीर आला होता आणि धीराबरोबर राग. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "डॉक्टर, तुमच्या नावानं कोण तरी खोटं लिवतंय. मला कवाधरनं संशय हाय. तुमी पोलिसात जावा."

त्यांनी मेसेज वाचला. चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

"बाई, ह्ये मीच पाठवलंय."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"तुमचं बोलणं मशीन इंग्रजीत करून दावतंय मला. 'चेहऱ्यावर वारा लागला,' असं आल्तं. त्याच्या खाली उत्तर तयार असतंय. ते बरोबर वाटलं तर मी बटन दाबायचं."

"आनि न वाचताच दाबलासा?"

"वाचलं की. वाचूनच दाबलं." त्यांनी चष्मा खिशात घातला. "समोर पेशंट हुता. वाऱ्यावर मफलर, त्यात काय चुकीचं वाटणार? माझी आज्जी वारं जाऊनच गेली, बाई. ह्यो शब्द कानावर पडला असता तर मी चप्पल न घालता पळत आलो असतो. माझ्यापतुर तुमचा आवाजच आला न्हाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही, चीड आली. त्यांच्या नावावर बसलेला एखादा भामटा सापडला असता तर मला किती बरं वाटलं असतं. इतके महिने मी ज्या खोट्या माणसाचा माग काढत होते तो खोटा नव्हताच. तो आमचा डॉक्टर होता आणि बटन त्याच्याच बोटानं दाबलं होतं.

निघताना त्यांनी मला स्वतःचा नंबर दिला. म्हणाले, "अडलं तर थेट लावा. आनि तुमच्या घरचं समदं त्या मशीनला सांगून ठेवतो. मावळायच्या आत जेवण, तुमचे शब्द, सगळं. म्हंजे परत चुकायचं न्हाय."

तेव्हा मला ते बरंच वाटलं.

हे घरी आले. चालतात, बोलतात. हसले की ओठाचा एक कोपरा जरा उशिरा वर येतो आणि शर्टाची बटणं मी लावते. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आणि तिच्यासाठी रक्ताची तपासणीही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, हिच्यात चूक करू नका, कमी पडली तर परत झटका आणि जास्त झाली तर डोक्यात रक्तस्राव. मी गोळ्यांची डबी ह्यांच्या हाताला लागू देत नाही.

काल उन्हं उतरायच्या वेळेला मी ताट वाढायला घेतलं आणि फोन वाजला. ॲपवर मेसेज होता.

'मगदूमबाई, तुमचा परवाचा रिपोर्ट बघितला. रक्ताची जुनी गोळी आजपासनं बंद. नवी पाठवून दिलीया, ती अर्धीच द्या, दिवस मावळायच्या आत जेवल्यावर. आनि तात्याला शेंगाची चटणी हाणू देऊ नगासा. उदयसिंह.'

नवी गोळी मेडिकलवाल्यानं दुपारीच आणून दिली होती. मेसेजमध्ये कृपया नव्हतं. रात्रीचं जेवण नव्हतं. वाचताना आरोळीच ऐकू आली. ह्यांनी खांद्यावरून डोकावून वाचलं आणि हसले, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे. "आता तरी पटलं न्हवं? डॉक्टरच हायेत."

मलाही क्षणभर आनंद झाला. आणि लगेच हॉस्पिटलबाहेरचा तो बाक आठवला. समदं मशीनला सांगून ठेवतो, असं तेच म्हणाले होते. आमचं मावळायच्या आतलं जेवण, ह्यांची चटणी, 'नगासा', सगळं आता त्याच्या पोटात आहे. आधी मी खोटं ओळखायचे ते त्यातल्या चुकांवरून. आता चूकच राहिली नव्हती, तर ओळखायचं कशावरून?

अर्धी गोळी माझ्या तळहातावर होती. जुनी बंद करायची होती आणि ही सुरू करायची होती. समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर ऊन टेकलं होतं. ते उतरलं की ह्यांचं जेवण चुकणार आणि जेवणाबरोबर गोळीही.

मी डॉक्टरांच्या नंबरावर फोन लावला. लगेच उचलला.

"डॉक्टर, गोळीचं तुमीच लिवलासा?"

"व्हय, बाई. मीच लिवलंय. द्या बिनघोर."

आवाज त्यांचाच होता. पण आवाजसुद्धा हल्ली मशीनला काढता येतो, असं वृषभनंच मला सांगितलंय.

"कशावरनं तुमीच?" मी विचारलं.

मला वाटलं, आता खेकसतील, आणि खेकसले असते तर मला आवडलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "थांबा. येतो."

मी ह्यांना जेवायला वाढलं. अर्धी गोळी ताटाशेजारी वाटीत ठेवली आणि तिला हात लावायचा नाही असं बजावलं. हे माझ्यावर वैतागले, पण भाकरी मोडली. टाकीवरचं ऊन पत्र्याच्या कडेला आलं. तेवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला, मग जिन्यावर जड पावलं, मग बेल.

मी दाराच्या भिंगातून बघितलं. बाहेर हेल्मेट घातलेला, धापा टाकणारा एक माणूस उभा होता.

हेल्मेट काढेपर्यंत मी दार उघडलं नाही.