मिल लेनवरची दुसरी अकरा घरं

गप्प बसण्यात नॉर्मन टेबटचा काय फायदा होता, हे मी मागाहून नीट मांडून पाहिलं आहे. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. निरोपाच्या दिवशी द्यायची पितळी पाटी नक्षीवाल्याकडे गेली होती. 'बावीस वर्षं, एकही चूक नाही' असा मजकूर खुद्द खातेप्रमुखांनी ठरवला होता. पेन्शन ठरलेली होती, ती कुठे जाणार नव्हती. शिवाय गावात त्याचं एक नाव होतं. टेबटने सांगितलेला आकडा आमच्या कौन्सिलात कोणी पुन्हा मोजत नसे. एवढं सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात काय, तर मिल लेनवरची अकरा दारं. तो एप्रिलच्या भुरभुर पावसात त्या दारांसमोर छत्री न उघडता उभा होता, आणि त्याच्या हातातला कागद म्हणत होता, इथे बावीस आहेत.

त्याने दोनदा मोजली. या टोकाकडून त्या टोकाकडे अकरा, उलट फिरल्यावरही अकराच. चार नंबरच्या बाईने कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना विचारलं, मतं मागायला आलात का? टेबट म्हणाला, नाही, घरं मोजतोय. ती म्हणाली, "अकरा आहेत. काल पण अकराच होती."

टेबटचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या ऑस्लबीच्या कौन्सिलने परवडणारी घरं किती मंजूर केली, आणि त्यांतली किती खरोखर उभी राहून माणसांच्या ताब्यात गेली, याची नोंद तो ठेवायचा. मंजुरी म्हणजे कागद. तो खुर्चीत बसून मोजता येतो. उभी राहिलेली घरं मात्र तो दर एप्रिलला पायी फिरून मोजे. एकतीस मार्चला वर्ष संपलं की दुसऱ्या दिवसापासून बूट घालून बाहेर. त्याचा नियम एकच होता: खिडकीला पडदा दिसला नाही तर ते घर नाही. बिल्डर म्हणो झालं, निरीक्षक म्हणो झालं, टेबट म्हणायचा, पडदा कुठाय? आम्ही नियोजन खात्यातले लोक त्याची यावरून भरपूर चेष्टा करत असू. एका ख्रिसमसला आम्ही त्याला अर्धा मीटर छापील कापड भेट दिलं होतं. ते त्याने खरंच टेबलाच्या खणात जपून ठेवलं.

तर हे बावीसचं भूत निघालं कुठून? काढलं जोसी क्रॅब्ट्रीने. जोसी आमच्या पुढच्या काउंटरवर बसते. कर कुठे भरायचा, कबरीसाठी अर्ज कुठे, कुत्रा हरवला, सगळं तिच्याकडे. आठ वर्षांच्या मुलीसकट ती आईच्या बैठकीच्या खोलीत राहायची, सोफा रात्री उघडायचा, सकाळी मिटायचा. प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं. आमच्याकडे रिकाम्या घरांची यादी दर गुरुवारी लागते आणि लोक त्यांवर बोली लावतात. बोली पैशांची नव्हे, गरजेची. कोणाची अडचण मोठी, कोण जास्त वर्षं थांबलंय. मिल लेनची अकरा घरं निघाली तेव्हा जोसीचा नंबर बारावा आला.

त्या सोमवारी तिने टेबटला काउंटरवरच गाठलं. म्हणाली, "नॉर्मन, तुम्ही जाणार, जायच्या आधी एक सांगून जा. मिल लेनची दुसरी अकरा कधी निघणार?"

"कुठली दुसरी?"

"तुमच्या अहवालात आहेत ती. त्या वर्षी अकरा, पुढच्या वर्षी अकरा. माझा बारावा नंबर म्हणजे दुसऱ्या खेपेला पहिला. घरांचा ताबा देणारे गृहसंस्थेवाले म्हणतात आमच्याकडे काही नाही. मी म्हटलं, यांचं नेहमीचंच."

 मग तिने सहज पुढे जोडलं, जसं आपण हवापाण्याबद्दल बोलतो तसं. गेल्या वर्षी जानेवारीत तिला स्कॉर्बीला घर मिळत होतं. नऊ मैल, सकाळी एकच बस, पण दोन खोल्या. तिने नको म्हटलं. गावातच अकरा येताहेत, पहिला नंबर आपला, मग पोरीची शाळा कशाला बदलायची?

"मला विचारायचं होतंस," टेबट म्हणाला.

"तुमचा आकडा होता ना. म्हणूनच नाही विचारलं."

मी बाजूला झेरॉक्स काढत होतो. बावीस वर्षांत टेबटचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. 'बघतो' एवढंच म्हणून तो कोट अडकवून बाहेर पडला, आणि मिल लेनवर जाऊन पावसात उभा राहिला.

चूक कशी झाली ते त्याने परत येऊन दहा मिनिटांत शोधलं. मिल लेनच्या बिल्डरने काम अर्ध्यावर असताना खिडक्या मोठ्या करून घेतल्या होत्या आणि त्याच घरांना नवी मंजुरी, नवा क्रमांक घेतला होता. घरं झाली तेव्हा टेबटने ती जुन्या क्रमांकाखाली मोजली. पडदे पाहून, बरोबर. पुढच्या वसंतात बिल्डरचा तिमाही कागद नव्या क्रमांकाने आला: अकरा पूर्ण. त्या वसंतात टेबटचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे चालायचं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मोजणी खुर्चीत बसून केली, कागदावरून. आणि एकदा पूर्ण म्हणून लिहिलेल्या जागेकडे पुन्हा कोणी फिरकत नाही, तोही फिरकला नाही.

आता ही अकरा घरं नुसती जोसीलाच नडत नव्हती. पाच वर्षांत शंभर परवडणारी घरं, असं आमच्यावर सरकारचं बंधन होतं. टेबटचा आकडा होता एकशे चार. त्याबद्दल वरून शाबासकीचं पत्रही आलं होतं, ते काचेत लावलेलं होतं. आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी समितीसमोर स्टेशन रोडच्या बिल्डरचा अर्ज होता. त्याच्या वसाहतीत चौदा परवडणारी घरं बांधायची अट होती, ती काढून टाका म्हणून. कारण काय? तर गावाची गरज भागली आहे, पाहा तुमचाच अहवाल.

अकरा वजा केली की राहतात त्र्याण्णव.

टेबट खातेप्रमुख गॅरेथ पिम यांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, आणि आमच्या खात्यात उघड्या दाराजवळच्या टेबलांवर त्या वेळी फार मन लावून काम चालतं. पिम वाईट माणूस नाही. घाबरट आहे, पण ते पगारातच धरलेलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नॉर्मन, एकशे चारचे त्र्याण्णव झाले म्हणजे काय होतं, कळतंय ना?"

"त्र्याण्णव होतात."

"पुढच्या वर्षीच्या अहवालात तळटीप टाकू. बारीक अक्षरात."

"पुढच्या वर्षी मी नसेन."

"म्हणून तर म्हणतोय," पिम म्हणाले. मग जरा मऊ आवाजात त्यांनी पितळी पाटीचं गुपित फोडलं. मजकूर कोरून झालाय, म्हणाले, आज सकाळीच फोन आला होता. टेबट बाहेर आला, खण उघडून ते छापील कापड एकदा पाहिलं, खण बंद केला. त्या दिवशी त्याने डबाही उघडला नाही, आणि चीज-लोणच्याचं सँडविच न खाणारा टेबट आम्ही तोवर पाहिला नव्हता.

गुरुवारी सहाला समिती बसली. अध्यक्ष मिसेस स्केल्टन. बाई शेळ्या पाळतात आणि कानात यंत्र घालतात. बिल्डरचा माणूस बोलायला उठला की यंत्राकडे हात जातो, असं लोक म्हणतात. चहाच्या बंबाशी जोसी होती, कारण सभेच्या दिवशी सभागृहाची किल्ली तिच्याकडे असते. बिल्डरचा माणूस चांगला बोलला. त्याने आकडे टेबटच्या अहवालातूनच वाचले. जिल्ह्यात असा चोख अहवाल दुसरा नाही, असंही म्हणाला. पिम यांनी तेवढ्या वेळात नजर टेबलावरून वर केली नाही.

टेबटने हात वर केला. आमच्याकडे विचारल्याशिवाय कर्मचाऱ्यांनी बोलायचं नसतं. मिसेस स्केल्टननी यंत्र चालू केलं.

"मॅडम, ज्या आकड्यावर हे बोलताहेत तो माझा आहे. तो चुकलाय."

"कितीने?"

"अकराने. मिल लेन मी दोनदा धरली. त्या वर्षी चालत गेलो नाही, कागदावरून मोजली."

"म्हणजे शंभर झालेली नाहीत?"

"सात कमी आहेत."

सभागृहात खुर्च्या हलल्या. बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, पाच मिनिटांपूर्वी एकशे चार, आता त्र्याण्णव, मग हाच आकडा खरा कशावरून? प्रश्न काही गैर नव्हता. टेबट त्याच्याकडे वळला. सोमवारनंतरचे तीन दिवस हा माणूस कुठे गायब होता ते तेव्हा आम्हाला कळलं.

"मी परत सगळी फिरलोय. त्र्याण्णव दारं आहेत. उद्या सकाळी नऊला या माझ्याबरोबर. फक्त ते बूट घालून येऊ नका."

सगळ्यांनी त्याच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, आणि हशा पिकला. हशा झाला की मतं वळतात, हे मी बऱ्याच सभांत पाहिलं आहे. चौदा घरांची अट कायम राहिली, सात विरुद्ध चार.

सभा उठल्यावर टेबट बंबाशी गेला. जोसीने सगळं ऐकलं होतं. मी कप परत करायच्या निमित्ताने जवळ होतो, ते कबूल करतो.

"म्हणजे दुसरी अकरा नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती."

"आणि मी स्कॉर्बी सोडलं."

"हो. माझ्यामुळे." त्याने 'पण' लावला नाही, ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

जोसीने बराच वेळ बंबाचा नळ पुसला. मग कप भरला. "साखर दोनच ना?" तिने विचारलं. टेबट म्हणाला, दोन. चहा घेऊन तो तिथेच, भिंतीशी टेकून बसला आणि सोमवारचं न खाल्लेलं सगळं भरून काढावं तशी सभेची उरलेली सहा बिस्किटं त्याने संपवली. पाय चावणारा बूट काढल्यावर माणूस बसतो, तसा बसला होता. मला म्हणाला, "त्र्याण्णव. आता झोप लागेल."

पाटी त्याला मिळाली नाही. खोटा मजकूर देता येईना आणि कोरलेला पुसता येईना. सध्या ती स्टेशनरीच्या कपाटाखाली आहे. कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याला ती अगदी बेताची झाली. शाबासकीच्या पत्राच्या जागी वरून एक रागाचं पत्र आलं, ते मात्र काचेत लावलेलं नाही. निरोपाला केक होता, भाषण छोटं झालं. मोजणीचं काम माझ्याकडे आलं. खणातलं ते कापडही.

जवळजवळ दोन वर्षांनी, एकतीस मार्चच्या दुपारी, वर्ष संपायच्या आत मोजून टाकावं म्हणून मी स्टेशन रोडला गेलो तर टेबट माझ्या आधी तिथे उभा. निवृत्त माणसाला काय काम, मी विचारलं. म्हणाला, हवा खायला आलोय. वारा असा होता की हवा आम्हालाच खात होती.

चौदा दारं. तेरा खिडक्यांना पडदे. नऊ नंबरची खिडकी उघडी, आत खोकी.

"तेरा लिहितो," मी म्हणालो. "नियम तुमचाच."

"थांब."

आत स्टुलावर जोसी चढली होती. खालून मुलगी दांडी देत होती, ती आता जोसीच्या खांद्याला लागायची. दांडी एका बाजूने निसटली, पुन्हा चढवली, पुन्हा निसटली. जोसीला आम्ही दिसलो. तिने हात हलवला नाही, हात भरलेले होते, पण तोंडातला खिळा काढून तिने काचेआडून काहीतरी सांगितलं. ऐकू आलं नाही. टेबटने कॉलर वर केली आणि हात खिशात घातले. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं रस्त्यापलीकडे तसेच उभे होतो. मग पिवळ्या कापडाचा एक भाग खाली आला, पाठोपाठ दुसरा.

"आता लिही," टेबट म्हणाला.

मी चौदा लिहिलं. बिल्डरने चौदा घरं बांधली, त्यात तो बुडाला नाही. चुकीची किंमत म्हणून कौन्सिलला एक पत्र पडलं. टेबटला एक पाटी. राहता राहिली स्कॉर्बी सोडल्यापासूनची सव्वातीन वर्षं आईच्या खोलीतली, रोज सकाळी मिटलेल्या सोफ्याची. ती जोसीने भरली, आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.