लेप वाळेपर्यंत

माणूस चपलांवरून ओळखावा, असं माझी आई म्हणायची. आमचे हे त्याला फाटकापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेवरून ओळखतात. लोक तिला ड्राइव्हवे म्हणतात, आणि अशा वाटा धुणं, त्यांच्या भेगा बुजवणं, त्यांना लेप देणं हा आमचा धंदा आहे. कुणी जेवायला बोलावलं तरी हे आधी खाली बघतात. वाटेवर तेलाचा डाग दिसला की त्या घरच्या जेवणावरून यांचं मन उडतं.

यांचे नियम आहेत, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नाही. काँक्रीटवर तेल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा टाकायचा, त्याला रात्रभर तेल पिऊ द्यायचं, मग साबण आणि ताठ ब्रश. पेव्हर ब्लॉकवर जोराचा फवारा मारणाऱ्या मशीनचं पाणी तिरकं मारायचं; सरळ मारलं की फटींतली वाळू उडून जाते आणि महिन्याभरात ब्लॉक दुधाच्या दातांसारखे हलू लागतात. खडी धुवायची नसते, दंताळ्याने ओढायची असते. डांबरावर रॉकेल ओतणाऱ्या माणसाशी हे बोलत नाहीत. गिऱ्हाइकं यांना मास्तर म्हणतात. कौतुकाने म्हणतात असा यांचा समज आहे, आणि मी तो मोडलेला नाही.

फोन घेणं, तारीख देणं आणि मास्तरांनी ज्यांना दुखावलं त्यांची समजूत काढणं हे भाऊजींचं काम. भाऊजी म्हणजे यांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते दप्तर घेऊन शाळेत जात होते, आणि घरात मोठं असं आम्हां दोघांशिवाय कुणी नव्हतं. यांनीच त्यांना वाढवलं, ब्रश धरायला शिकवलं आणि ब्रश चुकीचा धरला म्हणून ओरडायचंही यांनीच. हे त्यांना बारक्या म्हणतात. बारक्या आता पस्तिशीचा आहे, यांच्याहून वीतभर उंच आहे, आणि त्याला बायको आहे.

माझी ही जाऊ हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. चार तासांचा रस्ता. भाऊजींनी जेवताना सांगितलं की तिथे घर बघितलंय, आपलंच काम तिथे सुरू करेन, महिन्याने, रविवारी सकाळी निघू, सोमवारी नऊला तिला हजर व्हायचंय. एका दमात सांगून टाकलं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मीठ मागितलं.

भांडण झालं असतं तर बरं होतं, खरं सांगते. दोन भाऊ भांडून वेगळे झाले की निदान कुणाला तरी नावं ठेवता येतात. इथे कुणाचं काही चुकलंच नव्हतं. जाऊ गुणी, जागा चांगली, भाऊजींनी महिनाभर आधी सांगितलेलं. रागवायला माणूसच नाही. मी आपली कपाटं आवरत राहिले आणि भांडी जरा जोरात आपटत राहिले.

त्या महिन्यात हे या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. कोणी काही विचारलं की हे कामाचं बोलायचे. निघायच्या आठवड्यात भाऊजींची व्हॅन गुरुवारपासून गॅरेजमध्ये होती आणि तिच्यात सामान चढत होतं. गाद्या, पुस्तकं, मी दिलेले डबे. हे येता-जाता बघायचे आणि दोऱ्या ढिल्या आहेत असं म्हणून पुन्हा आवळायचे.

शुक्रवारी दुपारी यांनी घरचा ड्राइव्हवे धुवायला काढला. आता आमच्या ड्राइव्हवेबद्दल सांगायलाच हवं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डांबर पडून आठ वर्षं झाली होती, रंग उडून राखेसारखा झाला होता, भेगांमध्ये गवत, आणि गॅरेजच्या तोंडाशी इतका मोठा तेलाचा डाग की दुसऱ्याकडे दिसला असता तर हे जेवले नसते. आठ वर्षं मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि शुक्रवारी अचानक साबण, ब्रश, मशीन. संध्याकाळी वाट सुकल्यावर भेगाही बुजवून झाल्या. मला वाटलं, भाऊ निघालाय, त्याची गाडी स्वच्छ वाटेवरून जावी असं मनात असेल. माझा ऊर भरून आला. मी चहात साखर जास्त घातली.

शनिवारी सकाळी मी बाहेर आले तेव्हा हे लेप देत होते. काळा, दाट, डब्यातून ओतायचा आणि रबरी फळीने ओढत न्यायचा. हे काम दोघांचं असतं, एकाने ओतायचं आणि एकाने ओढायचं, पण हे एकटेच दोन्ही करत होते. ऊन लख्ख होतं, वारा होता. हात सफाईदार चालला होता. मी कौतुकाने बघत उभी राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे उलटे येतायत.

यांच्या धंद्यातला पहिला नियम मलाही पाठ आहे. लेप द्यायची सुरुवात घराकडून करायची आणि रस्त्यावर बाहेर पडायचं. त्याआधी गॅरेजमधली गाडी बाहेर काढायची. याच्या उलट केलं की माणूस घरात अडकतो आणि गाडी गॅरेजमध्ये. भाऊजींनी सतरा-अठराव्या वर्षी एकदा एका गिऱ्हाइकाकडे फाटकाकडून सुरुवात केली होती, तर यांनी आठवडाभर त्यांना खडीचं दंताळं सोडून कशाला हात लावू दिला नव्हता. आणि आता हे स्वतः फाटकापासून निघून, भरलेल्या व्हॅनच्या दिशेने, एकेक पाऊल मागे सरकत येत होते. शेवटचा पट्टा ओढून पायरीवर चढले, फळी टेकवली आणि घाम पुसला. नऊ वाजले होते. डब्यावर छापलेलं असतं: माणसांना चोवीस तास बंद, गाड्यांना अठ्ठेचाळीस. बोटांवर हिशोब केला तर गाडीला सोमवारचे नऊ.

आमचा कामाचा टेम्पो मात्र आदल्या दिवशीच बाहेर रस्त्यावर नेऊन लावलेला होता.

मी म्हणाले, "तुम्ही फाटकाकडून सुरुवात केलीत."

हे म्हणाले, "हवा चांगली होती."

भाऊजी उठून आले, दारात उभं राहून त्यांनी तो काळा चकचकीत पट्टा फाटकापर्यंत बघितला. त्यांना सगळं कळलं. वीस वर्षं ते दुसरं काय शिकलेत? कोपरे छान भरलेस दादा, एवढंच म्हणाले आणि दात घासायला गेले. अळीमिळी गुपचिळी. या घरातल्या पुरुषांना देवाने तोंड फक्त जेवायला दिलंय.

जाऊ मात्र स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. चिडली नव्हती, घाबरली होती. सोमवारी पोचले नाही तर पहिल्याच दिवशी काय म्हणतील, त्या जागेसाठी यादीत माझ्यामागे आणखी चारजण होते, असं सगळं हळू आवाजात सांगत होती. शेवटी म्हणाली, "ताई, दादांना मी आवडत नाही का?" मला यांचा इतका राग आला म्हणून सांगू. आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळी तो लेप बघितल्यावर पहिली दोन मिनिटं मला आनंद झाला होता, ते आठवून माझाही आला.

दुपारी मी यांना गॅरेजमध्ये गाठलं. हे मशीनचं नोझल पुसत बसले होते, जे आधीच स्वच्छ होतं. मी सांगितलं की पोरीला सोमवारी नऊला हजर व्हायचंय. हे म्हणाले, माहीत आहे. मी म्हणाले, मग असं का केलंत? हे नोझल उजेडात धरून बघत राहिले. एक दिवस जास्त, फार तर फार, असं काहीतरी पुटपुटले.

शनिवारचा दिवस आम्ही चौघं घरात कोंडल्यासारखे होतो. मी भाजी आणायला भिंतीला धरून फुलांच्या वाफ्यातून तिरकी चालत गेले आणि तशीच आले. जावेने चादरींच्या तीनदा घड्या केल्या. दोघं भाऊ मात्र मजेत होते. एकाच बाकावर बसून वाळत्या लेपाकडे बघत होते. कुठल्या तरी जुन्या गिऱ्हाइकाच्या संगमरवरी तुकड्यांच्या वाटेवर कुणी ॲसिड ओतलं होतं आणि ती कशी फसफसली होती, ती गोष्ट यांनी पूर्ण सांगितली. भाऊजी स्वतः तिथे हजर होते. तरी त्यांनी पूर्ण ऐकली.

रविवारी दुपारी दोन वाजता भाऊजी लेप बघायला उतरले. डब्यावरचे तास आमच्याकडे कुणी मानत नाही. डब्याला ऊन-वारा कळत नाही, असं यांचंच म्हणणं आहे. आमच्याकडे अंगठा चालतो. सावलीतली, सगळ्यात उशिरा वाळणारी जागा बघायची, अंगठा जोरात दाबायचा आणि पिळायचा. अंगठा काळा झाला किंवा लेप दबला तर ओला. नाहीतर गाडी काढा. भाऊजी भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले. मी पायरीवर होते, जाऊ माझ्यामागे दारात. त्यांनी अंगठा दाबला, पिळला, बघितला आणि पटकन पँटला पुसला.

"ओला आहे अजून," ते म्हणाले. "उद्या दुपारशिवाय नाही निघता येणार."

त्यांनी पुसायच्या आधी मी तो अंगठा बघितला होता. स्वच्छ होता. पोरगं खोटं बोललं. आणि मी गप्प बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण बसले. हॉस्पिटलला फोन करून विचारते, असं म्हणून जाऊ आत वळली, आणि वळताना तिचा चेहरा मला दिसला.

तिने फोन उचलला असेल-नसेल, तेवढ्यात हे बाकावरून उठले. यांचे गुडघे दुखतात, बसायला वेळ लागतो. भाऊजींनी बघितलं होतं त्याच जागी बसले. अंगठा दाबला. दोनदा पिळला. मग तो वर करून उन्हात धरला, आम्हां सगळ्यांना दिसेल असा.

"वाळलाय."

"दादा, ओला आहे," भाऊजी म्हणाले.

"बारक्या, मी वाळलेल्याला ओला कधी म्हटलेलं नाही. तूही म्हणायचं नाहीस." हे भिंतीला धरून उठले. "नीघ आता. दिवेलागणीपर्यंत पोचाल."

मग सगळं भराभर झालं. जाऊ यांच्या पाया पडायला वाकली, तर यांनी तिला अर्ध्यावरच उठवलं आणि म्हणाले की नव्या घराच्या दाराशी पेव्हर ब्लॉक असतील तर पाणी तिरकं मारायला सांग त्याला, तो विसरतो. तिला काय समजायचं ते समजलं. ती हसली, आणि तिचे डोळे भरले. यांनी फाटक उघडलं, परत आले आणि व्हॅनच्या काचेपाशी उभे राहिले. हळू ने, उभ्या गाडीचं चाक वळवू नकोस, लेप सोलवटतो, बाहेर पडलास की मग वळव. भाऊजी प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. इंजिन चालू होतं. ते निघत नव्हते.

"दादा, फाटकाकडून सुरुवात का केलीस?"

हे काचेच्या कडेवरची धूळ बोटाने काढत राहिले.

"चूक झाली."

"तुझी?"

"माझी," हे म्हणाले. "जा."

भाऊजींनी गाडी नाकासमोर सरळ नेली. लेपावर ओरखडासुद्धा उठला नाही. फाटकाबाहेर गेल्यावर चाक वळवलं, हॉर्न एकदा वाजवला आणि गेले.

मला काही आवरलं नाही. मी तिथेच ड्राइव्हवेच्या मध्यावर उभी राहून रडायला लागले. हे जवळ आले. वाटलं, आता तरी खांद्यावर हात ठेवतील.

"बाजूला होऊन रड," हे म्हणाले. "लेपावर दोन दिवस पाणी पडता कामा नये."

मी म्हणाले, आत्ता तर वाळला म्हणालात.

"वाळलाय. मुरला नाहीये अजून."

आणि हे स्वतः फुलांच्या वाफ्यात गेले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ उभे होते.