तीन म्हटल्यावर

शालूबाई कॅम्पातल्या एका शाळेत पोरींना कवायत शिकवायच्या. शहाऐंशी साली एका सुभेदाराच्या बायकोनं त्यांना इंग्रजी मासिक दिलं. अमेरिकेतल्या पोरी सामन्याच्या वेळी आरोळ्या देत मनोरे रचतात, एकीला वरून झेलतात; हे खूळ आता जपानातही पोचलंय, असं त्यात होतं. चिअरलीडिंग! मग बेळगावनंच काय घोडं मारलंय? बाई हट्टाला पेटल्या. लोक म्हणाले, चेअर म्हणजे खुर्ची, खुर्च्या उचलायला पोरी कशाला? म्हणोत बापडे.

मनोऱ्याच्या टोकाला हिंडलग्याची सुला. अंगानं काडी, पण भीती म्हणून ठाऊक न्हाय. तिची आई लक्ष्मीबाई मजुरीला जायची. पोर तुमच्या पदरात, एवढं बोलून ती मोकळी झाली. नियम एकच होता: बाईंनी 'तीन' म्हटल्यावर सुलानं पाठीवर झोकून द्यायचं आणि खालच्या चौघींनी हात पुढं करायचे.

कबड्डीच्या सामन्याला बेंगळूरचे साहेब आले. मोजणी कन्नडमधूनच पाहिजे, असं हेडमास्तरांनी ऐन वेळी बजावलं. त्या वर्षी भाषेवरून गाव नुसतं पेटलेलं. बाईंच्या जिवावर आलं, पण नोकरी होती. त्या हो म्हणाल्या. पोरींना कन्नड येतंच की, आकडे ते आकडे.

"ओंदु," बाई म्हणाल्या. झालं! प्रेक्षकांतली तरणी पोरं उसळली आणि चढ्या आवाजात मराठीतून मोजू लागली. बाईंचं 'एरडु' तोंडात होतं तोवर पोरांचं 'तीन' होऊन गेलं. महिनाभर कानात मुरलेला आकडा तो. सुलानं झोकून दिलं. खालच्या चौघी बाईंच्या तोंडाकडं बघत 'मूरु'ची, म्हणजे कन्नड तीनची, वाट पाहत होत्या.

सुलाची कंबर मोडली. पाय गेले ते गेलेच. शाळेनं खुलासा मागितला, तेव्हा पोरीनं घाई केली, असं बाईंनी लिहून दिलं. लक्ष्मीबाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती दवाखान्यात नुसती मुकाट्यानं पोरीचे पाय चोळत बसायची. बाईंना अन्न गोड लागेना.

शेवटी एके दुपारी, लक्ष्मीबाई कामावर असताना, बाई सुलाच्या खाटेजवळ जाऊन बसल्या.

"बाई, मी चुकलो व्हय?" सुलानं विचारलं.

"न्हाय गं बाळ. तू बरोबर तीनलाच झोकून दिलंस. चूक माझी."



"मग तेवढं आईला सांगा की, बाई. हेडमास्तरांनी तुमचा कागद तिला वाचून दाखवल्यापासनं ती माझ्याशी बोलंना."